‘रक्तातच आहे ते, चालून काय होणार?’

पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. लग्नाला चौदा वर्षं झाली. अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. माझा नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, त्याचं घर मिसिसिपीतल्या जॅक्सनचं. वय ४३. सासरे ५१व्या वर्षी हार्ट फेल्युअरने गेले, त्यांचे वडीलही पन्नाशीच्या आसपासच गेले. सासूबाई तर सरळ म्हणतात, आमच्या घरातले पुरुष पन्नाशीपलीकडे जात नाहीत.

नवऱ्याला तिशीतच बीपी निघालं. गोळी आहे, पण आठवड्यातून दोन-तीनदा राहून जाते. मागच्या महिन्यात क्लिनिकमध्ये १५२/९६ आलं. दिवसभर लॅपटॉप, रात्री टीव्ही. शनिवारी मात्र जुन्या मित्रांबरोबर दोन तास बास्केटबॉल. हल्ली खेळता खेळता मध्येच बाजूला बसतो, दम लागतो म्हणतो. घोरणं तर इतकं वाढलंय की मी मुलीच्या खोलीत झोपते.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. तो म्हणतो, रक्तातच आहे ते, चालून काय होणार? फार मागे लागले तर म्हणतो, “या सबडिव्हिजनमध्ये (म्हणजे आमच्या वसाहतीत) संध्याकाळी मी एकटा फिरू?” २०२० पासून तो इथे धावायला गेलेला नाही. बरोबर मुलगी नाहीतर कुत्रा असेल तरच बाहेर पडतो. माझी आई फोनवर म्हणते, निदान जेवल्यावर शतपावली तरी घालू दे. चालण्याने हार्ट फेल्युअरचा धोका खरंच कमी होतो का? त्याच्यासारख्या लोकांवर कुणी अभ्यास केलाय, की सगळं गोऱ्यांवरून काढलेलं? आणि मुलांचं काय? मुलगी अकरा, मुलगा आठ वर्षांचा आहे.

— साताऱ्याची लेक

उत्तर

साताऱ्याच्या लेकी,

चालण्याचं नंतर बोलू. आधी ते बास्केटबॉल खेळताना मध्येच बसणं. त्रेचाळिशीचा, बीपी असलेला, वडील एक्कावन्नाव्या वर्षी गेलेले, आणि पूर्वी झेपणारा खेळ आता झेपत नाही. हे ऐकून कुठलाही डॉक्टर “वय झालं, वजन वाढलं” म्हणून सोडून देणार नाही, आणि देत असेल तर तुम्ही सोडू देऊ नका. शनिवारचा खेळ तपासणी होईपर्यंत बंद. या आठवड्यात फोन करून अपॉइंटमेंट घ्या आणि फोनवरच ‘खेळताना दम लागतो, वडिलांना हार्ट फेल्युअर होतं’ ही दोन वाक्यं सांगा. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायला हवा. रक्तात बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), साखर आणि लघवीत प्रथिनं जातात का, हेही बघायला हवं. त्याआधीच पाय सुजू लागले, झोपताना उशी वाढवावी लागली, रात्री दम लागून जाग आली किंवा दोन-चार दिवसांत वजन दोन किलोंनी चढलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले किंवा बसल्या जागी दम लागला तर लगेच ९११ ला फोन.

आता त्यांच्या “रक्तातच आहे” या म्हणण्याकडे वळते. मिस्टरांचं हे बोलणं मला आळशीपणाचं वाटत नाही. बाप आणि आजोबा दोघांनाही पन्नाशीत जाताना पाहिलेल्या माणसाने दुसरं काय समजायचं? पण त्यात खरं किती आणि चुकीचं किती, ते वेगळं करून बघावं लागेल.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय एकाएकी बंद पडणं नव्हे. हृदय चालूच असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलत नाही, किंवा ताठ झाल्यामुळे नीट भरतच नाही, आणि मग पाणी मागे फुफ्फुसात, पायांत साठतं. गोऱ्या रुग्णांमध्ये बऱ्याचदा आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला असतो. कृष्णवर्णीयांमध्ये चित्र वेगळं दिसतं. अमेरिकेत ‘मेसा’ नावाचा मोठा अभ्यास झाला, ४५ ते ८४ वयाच्या, सुरुवातीला हृदयविकार नसलेल्या ६,८१४ लोकांचा. त्यात दर हजारी दर वर्षी हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ४.६ होतं, हिस्पॅनिकांत ३.५, गोऱ्यांत २.४ आणि चिनी वंशाच्या लोकांत १. आणि ज्या कृष्णवर्णीयांना ते झालं, त्यांतल्या ७५ टक्क्यांना आधी हार्ट अटॅक आलेलाच नव्हता.

मग आलं कुठून? बहुतांशी बीपीतून. वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर पुढचा कॉक अर्धा बंद ठेवून वर्षानुवर्षं चालवली तर ती जशी झिजते, तसंच काहीसं. फरक एवढाच की हृदय झिजण्याआधी जाड होतं. भिंत जाड, मग ताठ, मग थकलेली. त्यात साखर, वजन आणि किडनीचा त्रास यांची भर. मेसाच्या संशोधकांनी हिशोबात बीपी आणि डायबिटीस धरल्यावर वंशावंशांतला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने उरलाच नाही. हे मिस्टरांना आवर्जून सांगा. ‘कृष्णवर्णीय असणं’ हा आजार नाही. बीपी लवकर येणं, ते नीट आटोक्यात न येणं, आणि ते तसंच वीस वर्षं राहणं हा आजार आहे, आणि त्यातला बराचसा भाग माणसाच्या हातात आणि डॉक्टरांच्या हातात असतो.

लवकर म्हणजे किती लवकर, त्याचा सगळ्यात बोलका पुरावा ‘कार्डिया’ अभ्यासातून आला. बर्मिंगहॅम, शिकागो, मिनीआपोलिस आणि ओकलंड या चार शहरांतले १८ ते ३० वयाचे ५,११५ तरुण १९८५-८६ मध्ये घेतले, कृष्णवर्णीय आणि गोरे जवळपास निम्मे निम्मे. पुढची वीस वर्षं त्यांचा मागोवा घेतला. पन्नाशीच्या आत हार्ट फेल्युअर झालेले निघाले २७. त्यांतले २६ कृष्णवर्णीय, आणि आजार सुरू होण्याचं सरासरी वय ३९. हा आकडा पहिल्यांदा वाचला की पोटात गोळा येतो. पण त्याच अभ्यासात दोन गोष्टी आणखी आहेत, आणि त्या सहसा कुणी सांगत नाही. एक, ही संख्या कृष्णवर्णीय सहभागींमध्ये शंभरात साधारण एक होती, म्हणजे बाकीच्या नव्व्याण्णवांना पन्नाशीपर्यंत काही झालं नाही. दोन, ज्यांना झालं त्यांच्यापैकी तीन चतुर्थांश लोकांना चाळिशीच्या आत बीपी होतं. विशीतला बीपीचा खालचा आकडा दर १० अंकांनी जास्त, तर पुढचा धोका जवळपास दुप्पट. तुमच्या मिस्टरांचा खालचा आकडा आज ९६ आहे. सासूबाईंची ‘पन्नाशी’ कुठून आली असेल, याचा अंदाज इथे येतो. त्या पिढीतल्या किती पुरुषांचं बीपी कुणी वेळेवर मोजलं असेल?

रक्ताचा वाटा मात्र शून्य आहे असं मी म्हणणार नाही. काही घरांत हृदयाच्या स्नायूचाच आजार पिढीजात येतो. शिवाय कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी ३ ते ४ टक्के लोकांत एका प्रथिनाचा असा जनुकीय बदल असतो की उतारवयात ते प्रथिन हृदयात साठून त्याला ताठ करतं. तो प्रकार बहुधा साठीनंतर दिसतो, त्यामुळे सासऱ्यांच्या बाबतीत तो असण्याची शक्यता कमी. पण बाप आणि आजोबा दोघंही पन्नाशीत गेले म्हटल्यावर डॉक्टरांनी हा प्रश्न विचारायला हवा. सासूबाईंकडे सासऱ्यांची हॉस्पिटलची कागदपत्रं असतील तर मागवून घ्या. त्या वेळी हृदय मोठं आणि ढिलं झालं होतं की जाड, किडनी कशी होती, दारूचा काही संबंध होता का, एवढं जरी कळलं तरी ‘रक्तात आहे’ या वाक्याऐवजी डॉक्टरांना धरायला काहीतरी मिळेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, चालण्याने काय होतं. आणि कुणावर तपासलंय.

यात जॅक्सन हेच गाव मध्यवर्ती आहे. १९८७ पासून अमेरिकेत चार ठिकाणी ‘एरिक’ नावाचा अभ्यास सुरू झाला, ४५ ते ६४ वयाच्या माणसांचा. त्यातलं एक ठिकाण जॅक्सन, आणि तिथे घेतलेले सगळे सहभागी कृष्णवर्णीय. त्यातूनच पुढे ‘जॅक्सन हार्ट स्टडी’ उभा राहिला. २००० ते २००४ मध्ये हाइंड्स, मॅडिसन आणि रँकिन या तीन काउंटींतले ५,३०६ कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष त्यात सामील झाले. जॅक्सन स्टेट युनिव्हर्सिटी, टूगालू कॉलेज आणि मिसिसिपी विद्यापीठाचं मेडिकल सेंटर यांनी मिळून तो चालवला. सासूबाईंना विचारून बघा, नात्यातलं नाहीतर चर्चमधलं कुणीतरी त्यात निघण्याची बरीच शक्यता आहे. मिस्टरांना अटलांटातल्या कुठल्या पोस्टरवरच्या आकड्यापेक्षा आपल्या गल्लीतल्या माणसांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर जास्त विश्वास बसेल, असा माझा अंदाज आहे.

एरिकमधल्या सुमारे ३,७०० कृष्णवर्णीय आणि १०,००० गोऱ्या सहभागींचा २१ वर्षांचा मागोवा घेतला तेव्हा दोन्ही गटांत एकच दिसलं. जे जास्त हालचाल करत होते त्यांच्यात हार्ट फेल्युअर कमी. पूर्ण शिफारशीइतका (आठवड्याला दीडशे मिनिटं) व्यायाम न करणाऱ्यांनाही काही ना काही फायदा होता. पण तुमच्या मिस्टरांसाठी मला २०१८ मध्ये आलेलं त्याच अभ्यासातलं दुसरं विश्लेषण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात ‘आता उशीर झाला’ याचं उत्तर आहे. अकरा हजारांवर लोक, सरासरी वय साठ. सहा वर्षांच्या अंतराने दोनदा त्यांची हालचाल मोजली आणि मग पुढे काय होतं ते पाहिलं. दोन्ही वेळा बैठे राहिलेल्यांच्या तुलनेत, सातत्याने पुरेशी हालचाल ठेवणाऱ्यांत हार्ट फेल्युअरचा धोका ३१ टक्क्यांनी कमी होता. आणि जे पहिल्यांदा बैठे होते पण सहा वर्षांत पुरेशा हालचालीपर्यंत आले, त्यांच्यातही २३ टक्क्यांनी कमी. आठवड्यातून चारदा अर्धा तास झपझप चालण्याइतकी वाढ झाली तर धोका साधारण ११ टक्के घटलेला दिसला. साठीच्या आसपासच्या माणसांचं हे. तुमचे मिस्टर त्रेचाळीसचे आहेत.

इथे एक सावधगिरी. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास. जो चालतो तो अनेकदा गोळ्याही नीट घेतो, सिगरेट ओढत नाही, आणि मुळात चालण्याइतका धडधाकट असतो. हिशोबात ते सगळं धरलं तरी थोडी शंका राहतेच. म्हणून मी डॅलसमधल्या बेंजामिन लेव्हाइन यांच्या गटाचा २०१८ चा प्रयोगही जमेस धरते. ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या माणसांना दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम दिला, त्यात काही दिवस चांगला दमवणारा. त्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचा ताठपणा कमी झाला. दुसऱ्या गटाला योगासनं, तोल सांभाळण्याचे व्यायाम असं हलकंफुलकं दिलं होतं, त्यांच्यात तो फरक दिसला नाही. पन्नासेक माणसांचाच प्रयोग, पण ताठ होत चाललेलं हृदय मध्यमवयात अजून वळवता येतं, हे त्यात प्रत्यक्ष मोजलेलं आहे. (तुमच्या आईंना शतपावलीबद्दल नाउमेद करू नका. ती सुरुवात म्हणून उत्तम. फक्त तिथेच थांबायचं नाही.)

आणि चालणं गोळीची जागा घेत नाही. बीपी असलेल्या माणसात नियमित चालण्याने वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो. १५२ मधून आठ वजा केले तरी १४४ राहतात. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा राहणारी गोळी हा चालण्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न आहे. गोळी का राहते ते भांडण न करता विचारा. लघवी जास्त होते म्हणून? पाय सुजतात म्हणून? लैंगिक अडचण येते म्हणून? हे शेवटचं कारण पुरुष बायकोलाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही नाही. औषध बदलता येतं.

लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी जे केलं ते मला फार आवडतं. बीपी जास्त असलेले कृष्णवर्णीय पुरुष दवाखान्यात येत नाहीत, पण केस कापायला ठरलेल्या न्हाव्याकडे नेमाने जातात. मग ५२ दुकानांतल्या ३१९ गिऱ्हाइकांचा अभ्यास केला. काही दुकानांत फार्मासिस्ट येऊन तिथेच बीपी बघायचे, डॉक्टरांच्या संमतीने औषधं बदलायचे. बाकीच्या दुकानांत न्हाव्याने फक्त ‘डॉक्टरकडे जा, खाणंपिणं सांभाळ’ असं सांगायचं. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला, दुसऱ्याचा ९ ने. त्या पुरुषांचं सुरुवातीचं बीपीही तुमच्या मिस्टरांइतकंच, १५० च्या वर होतं. मला यातून कळतं ते असं की माणसं ‘ऐकत नाहीत’ असं नसतं. योग्य जागी, विश्वासाच्या माणसाकडून, खरं काम करणारी गोष्ट मिळाली की ती करतात. घरातल्या बायकोने रोज संध्याकाळी टोकणं हे त्या दुसऱ्या गटासारखं आहे. थोडा उपयोग होतो, पण थोडाच.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्ही पत्रात एका वाक्यात लिहून पुढे गेलात. ‘या सबडिव्हिजनमध्ये मी एकटा फिरू?’

हे कारण खरं आहे. २३ फेब्रुवारी २०२० ला जॉर्जियातच, ब्रन्सविकजवळ, अहमॉड आर्बरी हा पंचवीस वर्षांचा मुलगा धावायला गेला होता. तीन गोऱ्या माणसांनी ट्रकमधून पाठलाग करून त्याला गोळी घातली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ते तिघे दोषी ठरले, पण त्याने तुमच्या घरासमोरचा रस्ता बदलला नाही. तुम्ही २०२० असं साल लिहिलंय, म्हणून मी हे गृहीत धरतेय. आपण मराठी माणसं अशा वेळी पटकन म्हणतो, “अहो, आपला एरिया चांगला आहे.” चांगला म्हणजे नेमका कुणासाठी? मेरिलँड विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ रशॉन रे यांनी मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय आणि गोऱ्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की बहुसंख्य गोऱ्या वस्तीत राहणारे कृष्णवर्णीय पुरुष मोकळ्या वेळात व्यायाम करण्याची शक्यता कमी असते. कृष्णवर्णीय स्त्रियांचं उलट होतं, त्या बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीत कमी बाहेर पडत. म्हणजे पगार चांगला, फुटपाथ गुळगुळीत, झाडं छान, आणि तरी माणूस घरात. मुलगी किंवा कुत्रा बरोबर असला की ते बाहेर पडतात, कारण तेव्हा लोक त्यांच्याकडे बाप म्हणून, शेजारी म्हणून बघतात. एवढा हिशोब करून चालायला जावं लागत असेल तर त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणू नका, घरात तर अजिबात नाही.

म्हणून माझा सल्ला असा की चालण्याची जागा बदला. कुणी पटवून दिलं म्हणून भीती जात नाही, आणि तिला घालवणं हे तुमचं काम नाहीच. शनिवारचे मित्र आहेतच. तपासणीत हिरवा कंदील मिळाला की त्यांच्यापैकी दोघांना आठवड्याच्या मधल्या एका दिवशी बेल्टलाइनवर किंवा स्मर्नापासून सुरू होणाऱ्या सिल्व्हर कॉमेट ट्रेलवर बोलवा. रुंद, सपाट, सायकलवाल्यांनी आणि चालणाऱ्यांनी गजबजलेल्या वाटा आहेत. अटलांटातच २०१३ मध्ये ‘ब्लॅक मेन रन’ हा गट सुरू झाला, आज त्याच्या शाखा देशभर आहेत. नावात धावणं असलं तरी चालणाऱ्यांना कुणी हाकलत नाही. ऑफिसची इमारत मोठी असेल तर जेवणाच्या सुट्टीत तिथले जिने आणि कॉरिडॉर. पावसात मॉल. सासूबाईंना ‘गर्लट्रेक’बद्दल सांगा, कृष्णवर्णीय बायकांनी बायकांना चालायला बाहेर काढणारी ती संघटना आहे. त्या जॅक्सनमध्ये चालू लागल्या आणि मुलाला फोनवर सांगू लागल्या, तर तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा ते जास्त पोचेल.

किती चालायचं? इको आणि बीपीबद्दल डॉक्टरांनी होकार दिल्यावर दहा मिनिटांपासून, दिवसातून दोनदा, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. दर आठवड्याला थोडं वाढवत आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत. ब्रिटनमधल्या नव्वद हजारांच्या आसपास लोकांच्या अभ्यासात असं दिसलं की सगळा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हार्ट फेल्युअरचा धोका जवळपास तितकाच, म्हणजे ३८ टक्क्यांनी कमी होता. मिस्टर हे वाचून शनिवारच्या बास्केटबॉलचं समर्थन करतील. त्यांना सांगा की तो अभ्यास बहुतांशी गोऱ्या ब्रिटिशांवरचा आहे. आणि त्यांच्यासारखं १५२/९६ बीपी आणि खेळताना लागणारा दम घेऊन एकदम दोन तास पळण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. आधी आठवडाभर पाय हलवायचे, मग शनिवार.

टीव्हीबद्दल जॅक्सन हार्ट स्टडीतच एक गंमतीचा निष्कर्ष आहे. कामावर बसून राहण्याचा हृदयविकाराशी आणि मृत्यूशी संबंध दिसला नाही, पण रोज चार तासांहून जास्त टीव्ही बघणाऱ्यांत दोन तासांहून कमी बघणाऱ्यांपेक्षा धोका ४९ टक्क्यांनी जास्त होता. बहुधा रात्रीचं भरपूर जेवण, त्यानंतर सलग बसणं आणि तसंच झोपणं हे सगळं त्यात येतं. जे भरपूर व्यायाम करत होते त्यांच्यात हा फरक उरला नाही. तेव्हा लॅपटॉपवरून भांडू नका. रात्री साडेआठच्या मॅचचा पहिला क्वार्टर उभ्याने किंवा मुलांबरोबर अंगणात चेंडू टाकत बघता येतो.

घोरणं मी जाणूनबुजून शेवटी ठेवलं नाही, जागा इथे आली एवढंच, पण ते हलक्यात घेऊ नका. जॅक्सन हार्ट स्टडीत ज्यांची घरी झोप मोजली त्यांच्यापैकी जवळपास चौथ्या भागात झोपेत श्वास अडकण्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास निघाला, आणि त्यातल्या जेमतेम पाच टक्क्यांना तो आधी माहीत होता. अशा माणसाचं बीपी गोळ्यांनी सहजासहजी उतरत नाही, सकाळी थकवा असतो, मग चालायला जायचं म्हटलं की अंगावर काटा. घरी लावून झोपायचं यंत्र मिळतं, इन्शुरन्स बहुधा पैसे देतो. ही तपासणी व्यायामाच्या आधी झाली तर व्यायाम टिकण्याची शक्यता वाढेल.

मिठाबद्दल दोनच ओळी. सासरच्या रविवारच्या जेवणात मीठ असतं, ते मान्य. आपल्या ताटातलं लोणचं, पापड, चटणी आणि फरसाणही मिठाचंच. दोन्ही घरांची खाण्याची परंपरा एका टेबलावर आली आणि मीठ दोघांकडून आलं, असं तुमच्याकडे होत असण्याची मला दाट शंका आहे.

डॉक्टरांकडे आणखी एक गोष्ट मागा. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ‘प्रिव्हेंट’ नावाची धोका मोजण्याची नवी पद्धत आणली. तिच्यात वंश ही बाब काढून टाकली आहे, किडनी धरली आहे, आणि पहिल्यांदाच हार्ट फेल्युअरचा येत्या १० आणि ३० वर्षांचा धोका वेगळा निघतो. ती हृदयविकार नसलेल्यांसाठी आहे, म्हणून इको नीट आला तरच. बीपी १५२ घालून एकदा आणि १२५ घालून एकदा काढून घ्या. ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवण्यासारखा उपाय माझ्याकडे तरी दुसरा नाही.

मुलांचं. अमेरिकेत तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी बीपी मोजायला सांगतात, ते होतंय ना, बघा. रोज तासभर हुंदडणं हवं. तुमच्या बाजूने येणारा धोकाही विसरू नका, दक्षिण आशियाई लोकांत डायबिटीस आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार लवकर येतो. तेव्हा ‘बाबांकडचं’ आणि ‘आईकडचं’ अशी वाटणी करू नका. वडिलांच्या इकोत स्नायूचा आजार दिसला तर मात्र मुलांचीही तपासणी लागेल, ते कार्डिओलॉजिस्ट सांगतील.

आणि त्यांना पोहायला घाला, बापालाही घाला. याला कारण आहे. १९६० च्या दशकात कोर्टाने भेदभाव बेकायदा ठरवल्यावर जॅक्सन शहराने सार्वजनिक तलाव सगळ्यांना खुले करण्याऐवजी बंदच करून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७१ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालाने न्यायालयाने शहराचं वागणं चालवून घेतलं. ज्या पिढीला तलावच मिळाला नाही, तिने पुढच्या पिढीला पोहायला शिकवायचं कसं? सासूबाईंच्या बालपणीचं हे. त्या पाण्याला घाबरत असतील आणि मिस्टरांना पोहता येत नसेल, तर मला नवल वाटणार नाही. वायएमसीएमध्ये मोठ्यांचे वर्ग असतात. आत बंदिस्त तलाव, कार्ड दाखवून प्रवेश, कुणी खिडकीतून बघून पोलिसांना फोन करत नाही. गुडघ्यांनाही सोपं. शनिवारी मुलांचा आणि त्यांचा वर्ग एकाच वेळेला मिळाला तर एकटं बाहेर पडण्याचा प्रश्नही सुटतो.

इको झाला की रिपोर्टमध्ये ‘ईएफ’चा आकडा (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो) आणि डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी काय लिहिलीय, ते मला कळवा. बीपीसाठी दंडाला लावायचं घरगुती यंत्र आणून सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजा आणि तो कागद अपॉइंटमेंटला घेऊन जा. खेळ पुन्हा कधी सुरू करायचा, ते तिथले डॉक्टर ठरवतील.